एका माईकवर भागत नाही

माझ्या हातात माईक आला की मी माणसात राहत नाही. लग्न असो, बारसं असो, दहावा असो. दहाव्याला घाटावर सुद्धा मी "हॅलो, हॅलो, चेक" केलेलं आहे. पिंडाजवळ आलेला कावळा जो उडाला, तो दुपारपर्यंत परत आला नाही. घरचे हात जोडून बसले, मयताची काहीतरी इच्छा राहिली म्हणून. इच्छा कसली राहतीय, कावळा माझ्या आवाजानं पार वाकड गावाच्या पुढं गेला होता.

शाळेत माझं नाव चौथीपर्यंत होतं. मी स्वतः दुसरीपर्यंतच जात होतो. त्यामुळं आमची हिंजवडीची माळावरची जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते मला कळलं नाही, पण पैसे आलेले कळले. आमच्यात कोणी रडलं बिडलं नाही. भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, सोनं घेतलं. एकानं घरात लिफ्ट बसवली, घर एक मजल्याचं. ती लिफ्ट गच्चीवर जाती आणि परत येती, तो संध्याकाळी हवा खायला तेवढाच जातो. मी म्हणलं, आपण डोक्यानं वागायचं. मी साऊंड घेतला. दोन माणसं आत झोपतील एवढाले स्पीकर, मिक्सर, इको मशीन आणि पेटीभर माईक.

आता साऊंडचा धंदा असा की लग्नसराई संपली की स्पीकरवर कपडे वाळत घालायचे. घर चालवलं बायकोनं. वरच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. कोण नागपूरचा, कोण बिहारचा, कोण हैदराबादचा. ती पोरं रात्री बिस्किटं खाऊन झोपतात हे बघून बायकोनं त्यांना पोळीभाजी द्यायला सुरुवात केली. गच्चीवर पत्रा टाकला, दोन बायका मदतीला घेतल्या. बघता बघता तिचे डबे कंपनीच्या गेटपर्यंत जायला लागले. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पोळी तव्यावर टाकायची गरज नव्हती, नुसती हातात धरली तरी भाजली असती. तिला एकच हवं होतं. कंपनीचं कँटीन. आत, पक्क्या छपराखाली, पाण्याचा नळ असलेलं.

आणि ते एकदा तिच्या हाताला लागलंही होतं. कंपनीतल्या एचआरच्या मॅडमनी कोणाच्या तरी डब्यातली तिची मटकीची उसळ खाल्ली आणि तिला बोलावलं. मी बरोबर गेलो. म्हणलं, बायको एकटी कशी जाईल? रोज पहाटे एकटी मार्केट यार्डातून भाजी आणायची ती, पण मॅडमसमोर एकटी कशी जाईल.

मॅडम खास पुण्याच्या, पेठेतल्या. बायकोला म्हणाल्या, "किती जणांचं जमेल तुम्हाला?"

बायकोनं तोंड उघडलं आणि त्यातून माझा आवाज आला. "हजार म्हणा, दोन हजार म्हणा, मॅडम! आपण पंगती उठवतो पंगती! बुंदी तर अशी..."

मॅडम म्हणाल्या, "आम्हाला पंगत उठवायची नाहीये. लोकांनी बसून जेवावं एवढीच अपेक्षा आहे. कळवते मी."

ते काही कळवलं नाही. येताना रिक्षात बायको एक शब्द बोलली नाही. तसं मी तिला कधी बोलू देतच नव्हतो, त्यामुळं ती चिडलीय हे मला घर आल्यावर कळलं.

मग एक दिवस मॅडमचा फोन आला. कंपनीच्या हिरवळीवर फॅमिली डे होता आणि अमेरिकेहून एक बँड येणार होता, कंट्रीवाला. बँडच्या लोकांचं साधं, कमी तिखटाचं जेवण बायकोनं करायचं, ते नीट झालं तर कँटीनचं परत बोलू, असं मॅडम म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पुण्यातला साऊंडवाला त्या ट्रॅफिकमधून यायला तयार नाही. जवळपास कोणी आहे?"

बायकोनं एकदा माझ्याकडं, एकदा स्पीकरवर वाळणाऱ्या कपड्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "आहेत. आमचे हेच."

असं का म्हणालीस, हे मी तिला पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "नाहीतर तुम्ही जेवणात लक्ष घातलं असतं. त्यापेक्षा साऊंड बरा."

जागा बघायला गेलो तेव्हा मॅडमनी मला आधीच सांगून टाकलं, "कंट्री म्हणजे तिकडचं खेड्यापाड्यातलं गाणं. दुसरं काही नाही. तुमचा चेहरा बघून सांगतेय."

घरी बायकोनं वेगळं बजावलं. "अहो, माईक लावायचा आणि बाजूला व्हायचं. त्यावर एक शब्द बोलायचा नाही. शपथ घ्या."

"देवाची शपथ..."

"देवाची नको. इको मशीनवर हात ठेवून घ्या."

घेतली. कार्यक्रमासाठी कॅम्पातून एक ब्लेझर पण घेतला, मोरपंखी रंगाचा. दुकानदार म्हणाला, असा पीस पुण्यात दुसऱ्या कोणाकडं नाही. ते खरं निघालं. आजपर्यंत दुसऱ्या कोणावर मी तो बघितला नाही.

कार्यक्रम संध्याकाळी उन्हं उतरल्यावर होता, बँड दुपारी आला. चार बाप्ये आणि एक बाई, डोक्याला काठवाल्या टोप्या. त्यांचा मुख्य म्हातारा म्हणजे आमच्या भजनातले विणेकरी असतात तसा, वाळलेला आणि डोळ्यांनी हसणारा. एकाकडं हलगीला दांडा ठोकून त्यावर तारा ओढल्यासारखं वाद्य होतं, त्याला बँजो म्हणतात असं कळलं. बाईकडं व्हायोलिन. एकाकडं मेंडोलिन, ते मला ओळखू आलं. आणि शेवटचा जो होता त्याच्याकडं एवढं मोठं व्हायोलिन होतं, की त्याच्या पेटीत आमची आत्या आरामात झोपली असती. ते तो उभं धरून बोटांनी वाजवायचा. गिटार म्हाताऱ्याकडं.

आधी त्यांना जेवायला बसवलं. बायकोनं फुलके, बटाट्याची भाजी, वरणभात, शिरा केला होता. म्हाताऱ्यानं दोन फुलके खाल्ले आणि ताटावर हात आडवा केला. बायको थांबली. खरंच थांबली! पातेलं घेऊन पुढच्याकडं गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, सातासमुद्रापलीकडचा माणूस, आणि दोन फुलक्यांवर सोडलास?"

"त्यांनी हात आडवा केला. नको म्हणाले."

"नको तर सगळेच म्हणतात!"

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडं पाहुणा 'बास' म्हणाला की त्याचा अर्थ वाढा असा असतो. त्यानं हात आडवा केला की हाताच्या खालून वाढायचं. तो ताट उचलून पळाला तर त्याच्या मागं पळायचं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी आग्रहानं एवढ्या जिलब्या चारल्यात की तो आता आमच्याकडं फक्त एकादशीला येतो.

जेवणं झाली, स्टेजवर आलो. मी माझी माईकची पेटी दागिन्यांच्या दुकानात उघडतात तशी उघडली. म्हाताऱ्यानं बघून मान हलवली, छान छान केलं, आणि आपल्या पेटीतून रुमालात गुंडाळलेला एक जाडजूड माईक काढून स्टेजच्या मधोमध उभा केला. मग मला एक बोट दाखवलं. एकच.

पाच माणसं, पाच वाद्यं, माईक एक! मी पाच बोटं दाखवली. त्यानं एक दाखवलं. मी घोषणेचा माईक धरून सहा दाखवली. त्यानं हसून हात आडवा केला.

तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संकोच! गरीब माणसं, परक्या गावात मागायची कशी? बायको फुलक्यावर फसली होती, पण मी फसणार नव्हतो. ते चहाला गेले तसे मी स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या शेवंतीच्या कुंड्यांत चार माईक बसवले, पानांत लपवून. एक त्या आत्या मावेल एवढ्या व्हायोलिनच्या मागं पडद्याला बांधला. पाहुण्याला न विचारता ताटात वाढल्याचं समाधान मला झालं.

उन्हं उतरली. कंपनीतली माणसं बायकापोरांसकट खुर्च्यांवर बसली. आमचे भाऊबंद बोलावले नव्हते, म्हणून ते कंपाऊंडच्या भिंतीवर बसले. ती भिंत ज्या बांधावर बांधलीय तो बांध आमचाच होता, त्यामुळं बसायचा हक्क आहे असं ते समजतात. बँड माईकभोवती अर्धा गोल करून उभा राहिला. म्हाताऱ्यानं पायानं ताल धरला आणि सुरू.

सुरू झालं आणि माझी धांदल उडाली. एक माणूस एका जागी उभा राहील तर शपथ. बाई पुढं आली, म्हातारा मागं गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का लागला. त्याचा आवाज कमी पडू नये म्हणून मी कुंडी वाढवली. तेवढ्यात बँजोवाला पुढं घुसला, बाई बाजूला झाली. मी दुसरी कुंडी वाढवली. बँजो मागं गेला, मी आणखी वाढवली. जो जो मागं सरकेल त्याला मी ओढून पुढं आणला. वर जरासा इको सोडला, कारण इकोशिवाय कार्यक्रम म्हणजे फोडणीशिवाय आमटी.

स्पीकरमधनं जे निघालं ते काय सांगू. बँजो म्हणजे पत्र्यावर खिळे ओतावेत. व्हायोलिन म्हणजे मांजर दारात सापडावं. मोठं व्हायोलिन म्हणजे शेजारी बोअर मारायचं मशीन चालू व्हावं. आणि ह्या सगळ्याचा इको समोरच्या काचेच्या बिल्डिंगवर आपटून परत यायचा, म्हणजे गाणं दोनदा. पुढच्या रांगेतल्या पोरांनी कानात बोटं घातली.

भिंतीवरनं माझा चुलता ओरडला, "आरं, ही गाणी म्हनत्यात का भांडत्यात? आन् भांडत असतील तर कोनाची चूक हाय?"

मग शिट्टी सुरू झाली. माईकची शिट्टी माहितीय ना, कानातून शिरून दाढेतून निघती ती. मी हा खटका दाबला, तो दाबला, शिट्टी वाढतच गेली. कुत्री पळाली. सिक्युरिटीवाल्यानं सवयीनं गेट उघडलं.

म्हाताऱ्यानं हात आडवा केला. ताटावर केला होता अगदी तसाच. बँड थांबला. तो मान तिरकी करून शिट्टीचा माग काढत स्टेजच्या कडेला आला, वाकला, शेवंतीत हात घातला आणि माझा माईक बाहेर काढला. लोक हसले. दुसरी कुंडी. दुसरा माईक. लोक आणखी हसले. चारही निघाल्यावर पाचव्या कुंडीत काही नसताना त्यानं मुद्दाम आत डोकावून बघितलं, तेव्हा तर टाळ्या पडल्या. पडद्यामागचा माईक मोठ्या व्हायोलिनवाल्यानं सोडला. मी मिक्सरच्या मागं खाली बसलो होतो. पण मोरपंखी रंग कुठं लपतो.

म्हातारा खाली उतरून माझ्याकडं आला, मागोमाग मॅडम. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी गोड आवाजात बोलला.

मी मॅडमना विचारलं, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहेत. आता हात खिशात घाला आणि संपेपर्यंत बाहेर काढू नका."

"शेवटचं ते म्हणाले का तुम्ही?"

"दोघं."

मी हात खिशात घालायला गेलो तर जाईनात. नव्या ब्लेझरचे खिसे शिवलेले असतात, ते उसवून घ्यावे लागतात, हे मला कोण सांगणार? मी बोटं खुपसतोय, खिसा आत घेत नाही, मॅडम बघतायत. मॅडम म्हणाल्या, "हेही आज जमणार नाही का?" शेवटी दोन्ही हात काखेत दाबून उभा राहिलो, थंडी वाजल्यासारखा.

त्या एका माईकवर त्यांनी परत सुरुवात केली. माझ्या स्पीकरमधून एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाटलं, झालं, मागच्यांना ऐकू जाणार नाही, आता बोंब होणार. बोंब झाली नाही. मागच्यांनी बोलणं बंद केलं. भज्यांच्या प्लेटांचे आवाज थांबले. रस्त्यावर कंपनीच्या बसा ट्रॅफिकमध्ये हॉर्न मारत होत्या, तेवढेच काय ते.

चुलता भिंतीवरनं म्हणाला, "आता कसं बरं वाटतंय. गेलं वाटतं ते येडं घरी."

हातांना काम नव्हतं म्हणून मी बघायला लागलो. हापशावर बायका हंडे भरतात, बघितलंय? एकीचा भरला की ती सरकती, दुसरी शिरती, पाणी सांडत नाही आणि कोण कोणाला 'सरक' म्हणत नाही. तसं चाललं होतं. गायचं असेल त्यानं तोंड पुढं करायचं. गाणं संपतंय तोवर व्हायोलिनवाली खांदा घालून आत यायची, म्हातारा अर्धा पाय मागं घ्यायचा. बँजोवाल्याची पाळी आली की बाकीचे दार उघडावं तसे फाकायचे. तो वाजवून झाला की बाकीच्यांत मिसळून जायचा, जसं काही त्यानं केलंच नाही. आणि मी मघाशी ह्या सगळ्यांना मागून ओढून ओढून दारात कोंबलं होतं.

मधे म्हातारा थांबून काहीतरी गोष्ट सांगायला लागला. मॅडम आमच्या बाजूच्या लोकांना मराठीत सांगत होत्या. त्याच्या गावचा डोंगर कोळशासाठी कंपनीनं घेतला, गाव उठलं, त्याचं हे गाणं आहे.

भिंतीवरनं आवाज आला, "दर काय लागला इचारा!"

मॅडमनी विचारलं नाही. म्हातारा आणि ती बाई एका माईकला गाल लावून गायले, हळू, नुसत्या गिटारवर. भिंतीवरचे पण गप्प झाले. इथं मला आमचा माळ आठवून डोळे भरले असं म्हणलं तर शोभून दिसंल. मला आठवलं ते माळावरचं करवंदीचं झुडूप, ज्यात मी लहानपणी पार्श्वभागावर पडलो होतो. त्या झुडपाच्या जागी आता स्टेज होतं. ते काटे मात्र आठवले आणि मी उभ्या उभ्या अंग चोरलं, एवढं खरं.

कधीतरी बायको मागनं येऊन शेजारी उभी राहिली, हाताला बँडच्या रात्रीच्या जेवणाची कणीक. स्टेजवर त्यांनी जोरातलं गाणं धरलं होतं. पोरं हिरवळीवर नाचायला लागली, इंजिनिअर लोकांनी बूट काढले, भाऊबंदांनी शिट्ट्या घातल्या. गाणं संपलं तसं सगळे उठून "वन्स मोअर" ओरडले. माझा एक हात काखेतून सुटून आपोआप घोषणेच्या माईककडं निघाला. 'लोकाग्रहास्तव' हा शब्द तर जिभेवर आलाच होता.

 बायकोनं फक्त त्या हाताकडं बघितलं. मी तो परत काखेत घातला.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "बघा की. त्या बाईचं गाणं आलं की म्हातारा कसा मागं जातो. तिच्यापेक्षा मोठा आवाज आहे त्याचा, तरी जातो."

मी म्हणलं, "वय झालंय. पाय दुखत असतील."

ती भांडी घासायला निघून गेली.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. दोघांना नव्हतं बोलावलं, बायकोला बोलावलं होतं. मी ब्लेझर घालून बरोबर गेलो. बायको रस्ताभर माझ्याकडं बघत होती. तिला कळून चुकलं होतं की आता काही इलाज नाही.

मॅडम म्हणाल्या, "जेवण उत्तम होतं. पाहुण्यांनी आवर्जून सांगितलं. साऊंडबद्दलही सांगितलं." एवढं बोलून माझ्याकडं बघितलं. मग बायकोला म्हणाल्या, "तर, कँटीनचं. किती जणांचं जमेल तुम्हाला?"

तोच प्रश्न. माझ्या तोंडात 'हजार' तयार होता. नुसता तयार नाही, दातापर्यंत आला होता. मी बायकोकडं बघितलं. तिनं तोंड उघडलंच नव्हतं. ती माझं संपायची वाट बघत उभी होती. मी अजून सुरूही केलं नव्हतं, आणि ती संपायची वाट बघत होती.

मी एक पाऊल मागं घेतलं.

ती तरी गप्पच. तिचा विश्वास बसंना. मॅडमचाही बसंना. म्हणून मी आणखी एक पाऊल घेतलं, जरा मोठं, नीट दिसावं म्हणून. मागं पाण्याचं मशीन होतं, उलटी बाटली लावतात ते. मी, मशीन आणि बाटली असे तिघं आडवे झालो. बाटली गालिच्यावर भडभडा मोकळी झाली.

बायकोनं मागं वळून सुद्धा बघितलं नाही. ती बोलायला लागली.

"आत्ता करते त्याच्या दुप्पट जमेल. तिप्पट आत्ताच नाही जमायचं, खोटं सांगून उपयोग नाही. पोळ्या हातच्याच राहतील. शनिवारी उसळ नाही देणार, उरलेली मटकी सोमवारपर्यंत आंबते. आणि माझ्या दोन बायकांना आत यायचे पास पाहिजेत, त्यांना गेटवर थांबवायचं नाही..."

मी खाली ब्लेझरनं पाणी टिपत होतो आणि ऐकत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं बोलणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत मी पहिल्यांदाच ऐकलं. चांगली बोलते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ठीक आहे. एक तारखेपासून सुरू करा. माझी एकच अट आहे. कँटीनमध्ये स्पीकर नको."

मी जमिनीवरनं म्हणलं, "मॅडम, एखादा बारीक... हळू आवाजात भक्तिगीतं..."

बायकोनं मागं न बघता हात आडवा केला.

मी गप्प बसलो. हाताच्या खालून वाढलं नाही.

एक तारखेला सकाळी मी ब्लेझर घालून काउंटरवर बसायला निघालो. बायकोनं मला दारात थांबवलं, ब्लेड आणलं, आणि अंगातल्या ब्लेझरचे दोन्ही खिसे नीट उसवून दिले.

म्हणाली, "लागतील तुम्हाला."